आगोट, वळीव आणि उपकारस्तुती : नंदुरबारच्या ऋतूंतून घडलेली ख्रिस्ती कृतज्ञता

मराठी बायबलात दोन पाऊस पडतात. एकाला अनुवादकांनी आगोटीचा पाऊस म्हटले आहे आणि दुसऱ्याला वळवाचा. हे दोन्ही पाऊस आपापल्या वेळी पडणे ही जुन्या करारात ईश्वरी कृपेची खूण मानली आहे, आणि ते न पडणे ही कोपाची. शब्द अस्सल कुणब्याच्या घरचे आहेत. मराठी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाहीत, आणि म्हणूनच त्यांत दडलेली अडचण सहजी लक्षात येत नाही.

पॅलेस्टाइनमधील शेतकऱ्याचे वर्ष आपल्या वर्षासारखे नसते. तेथे कोरडा उन्हाळा सरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस येतो. त्या ओलीवर गहू आणि जव पेरतात. पाऊस हिवाळाभर असतो. मार्च-एप्रिलात शेवटच्या सरी येतात आणि त्यांवर दाणा भरतो. म्हणजे तिकडचा ‘आगोटीचा’ पाऊस आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास, आणि तिकडचा ‘वळवाचा’ पाऊस पीक तयार करणारा.

महाराष्ट्रात वळीव आधी येतो आणि आगोट मागाहून. चैत्र-वैशाखात भर दुपारी आभाळ भरून येते, वावटळ उठते आणि तासाभरात सगळे संपते. हा वळीव दाणा भरायला येत नाही; तो खळ्यावरचा गहू भिजवतो, कैऱ्या झाडतो, सुकत घातलेली मोहाची फुले काळी पाडतो. आगोट येते ती ज्येष्ठात, मृगासोबत. शब्द तेच, क्रम उलटा आणि परिणामही उलटा. अनुवादकांपुढे दुसरा मार्गही नव्हता. भाषा जे ऋतू पाहते त्यांचीच नावे तिच्याजवळ असतात.

प्रश्न दोन शब्दांपुरता असता तर तो कोशकारांवर सोडता आला असता. पण ख्रिस्ती उपासनेचे सगळे वर्षच परक्या ऋतूंवर बेतलेले आहे. वल्हांडणाच्या दिवसांत जवाची पहिली पेंढी देवापुढे न्यायची, सात आठवड्यांनी गव्हाच्या हंगामाचा सण करायचा, आणि वर्षाअखेरीस फळे व धान्य घरात आले की मंडपांचा सण, ही यहुदी शेतकऱ्याची सणमाला. त्यांतील पहिल्या दोन सणांच्या जागी चर्चचे ईस्टर आणि पेन्टेकॉस्ट आले. मग हा धर्म उत्तर युरोपात गेला आणि त्याच सणांवर बर्फाचे दुसरे पटल चढले : नाताळ म्हणजे वर्षातील सर्वांत काळोखे दिवस, ईस्टर म्हणजे वितळणारे हिम आणि पहिली कोवळी पालवी.

इंग्लंडमधील चर्चचा हंगामाचा सण ज्या रूपात आज ओळखला जातो, ते रूप फार जुने नाही. कॉर्नवॉल परगण्यातील मॉर्वेनस्टो या गावी रॉबर्ट स्टीफन हॉकर या धर्मगुरूने १८४३ मध्ये त्याची सुरुवात केली. अमेरिकेत लिंकनच्या १८६३ मधील जाहीरनाम्यानंतर नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंग राष्ट्रीय सण झाला. भारतात आलेले मिशनरी हे सर्व कालनिर्णय बरोबर घेऊन आले. त्यांतील किती येथे रुजले आणि कशावर रुजले, हे पाहायला नंदुरबार जिल्ह्याइतकी बोलकी जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. उत्तरेला सातपुडा, मधून तापी, नैर्ऋत्येला नवापूरकडे सह्याद्रीचे उतरते फाटे. लोकसंख्येतील सुमारे दोन तृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी आहेत : भिल्ल, मावची, वसावे, पावरा, कोकणा. एकाच जिल्ह्यात ऋतू दोन तऱ्हांचे. नवापूर-अक्कलकुव्याकडे डोंगर पाऊस अडवतात आणि भात होतो. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर ढग पुष्कळदा नुसते ओलांडून जातात, तेथे ज्वारी, कापूस आणि मिरची.

फाल्गुनात सागाची पाने झडून डोंगर उघडा पडतो आणि त्या उघड्या डोंगरावर पळस पेटतो. त्याच सुमारास अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची होळी येते. पहाटे पेटणाऱ्या त्या होळीला दऱ्याखोऱ्यांतून माणसे रात्रभर चालत येतात. मग मोहाची फुले. मग वैशाखातील ती कोरडी, पांढरी दुपार, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर आठ दिवसांत असा काही पालटणारा डोंगर की तो कालचाच आहे यावर विश्वास बसू नये. हे सौंदर्य पाहुण्याला दिसते. येथे राहणाऱ्याला त्यात धान्याचा हिशेबही दिसतो.

या हिशेबाभोवती आदिवासींचा पूजाविधी उभा आहे. पावसाळ्यात वाघदेवाची पूजा होते. कणसरी ही धान्याची देवता. तिच्या कथा गायल्या जातात. कोकणा लोक डोंगऱ्या देवाचे व्रत करतात. आणि पीक तयार झाले की नवाई : नवे धान्य आधी देवाला आणि पूर्वजांना, मग माणसाच्या तोंडात. देण्याआधी खायचे नाही, हा त्यातील कणा. कितीही भूक असली तरी पहिला घास आपला नाही, हे मूल चालायला लागल्यापासून शिकते.

कोणत्याही धर्मशास्त्राची भाषा न वापरता येथे जे सांगितले आहे, तेच मोशेच्या नियमशास्त्रात पहिल्या उपजाच्या नावाने सांगितले आहे. पेन्टेकॉस्ट आणि मृग यांचा मेळ बसत नाही, पण पहिली पेंढी आणि नवाई यांचा बसतो. नंदुरबारमधील ख्रिस्ती कृतज्ञतेला जी जमीन मिळाली ती बहुधा हीच.

या भागात प्रॉटेस्टंट मिशनचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी पसरू लागले. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन या प्रचारकाने १८९० मध्ये शिकागोत स्थापन केलेली स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि खुद्द स्वीडनमधील स्वीडिश अलायन्स मिशन, या दोन्ही संस्था खानदेशातील भिल्ल मुलखात आल्या. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन तुकडे झाले, आणि आजचा नंदुरबार पश्चिम खानदेशात गेला. सुरतेहून तापीकाठाने अमळनेरपर्यंत येणारी रेल्वे तेव्हा नवीच होती. नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार ही तिच्यावरची स्थानके. चिंचपाड्याला पुढे ख्रिस्ती रुग्णालय उभे राहिले.

ही माणसे आली ती कोणत्या वर्षांच्या मागोमाग, हे विसरता येत नाही. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ. गुजरात, खानदेश आणि दख्खन यांवर त्या वर्षी पाऊस रुसला. भिल्ल मुलखात माणसे आणि जनावरे यांची जी हानी झाली तिची आठवण ‘छप्पन्या’ या एका शब्दात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. अहमदनगरकडे आणि केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळाने पोरकी झालेली मुले-मुली आश्रयाला आली. ज्या पिढीने आगोट न आलेला ज्येष्ठ पाहिला, तिच्यापुढे जाऊन ऋतूंबद्दल देवाचे आभार माना असे सांगणे हे सोपे काम नव्हते.

शिवाय एक गुंता होता. बाप्तिस्मा घेणाऱ्याने कणसरीची पूजा सोडावी, नवाईच्या वेळी भगताकडून होणारे विधी सोडावेत, बोकड-कोंबड्याचा बळी सोडावा, अशी मिशनची अपेक्षा असे. हे सोडताना पहिला घास न खाण्याचा नियमही सुटणार का? मूर्तीबरोबर कृतज्ञताही बाहेर जाणार का? धर्मांतराच्या चर्चेत या प्रश्नाकडे फारसे लक्ष जात नाही. शेतकऱ्याच्या घरात मात्र तो दरवर्षी भाद्रपद-आश्विनात उभा राहणारा होता.

पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅथलिकांनी हा प्रश्न पूर्वीच आपल्या रीतीने सोडवला होता. वसईपासून मुंबईच्या उत्तन-गोराईपर्यंत पसरलेल्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ होतो : नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणायच्या, त्यांना आशीर्वाद द्यायचा, आणि मग त्या घरोघर जायच्या. गोव्यात हाच सण ऑगस्टमध्ये येतो, दाणा पुरता पिकलेलाही नसताना. ते कणसांचे फेस्त. कोकणातील हिंदू घरांत नवान्न पौर्णिमेला दारावर जे ‘नवे’ बांधतात, त्याचे हे सख्खे भावंड आहे.

प्रॉटेस्टंटांना असे काही सहज उचलणे जड जात असे. विधीपेक्षा शब्दावर त्यांचा भर. म्हणून त्यांच्याकडे हा बदल आधी गाण्यात घडला, आणि तो घडवणारा माणूस कोकणात जन्मला, अहमदनगरला राहिला, आणि त्याची गाणी नंतर मराठी बोलणाऱ्या बहुतेक मंडळ्यांत पोहोचली. नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. ते चित्पावन ब्राह्मणाच्या घरात, वारकरी संतांची वाणी ऐकत वाढले. ऐन तारुण्यात ते नागपूर-राजनांदगावकडे फिरले. आगगाडीच्या प्रवासात एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही सारी कथा लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आली आहे, मराठीतील त्या अव्वल आत्मचरित्रापुढे टिळकांवरची इतर चरित्रे फिकी पडतात, हे सांगायला हरकत नाही.

तोवर मराठी चर्चमध्ये गायली जाणारी गीते बव्हंशी इंग्रजीवरून उतरवलेली होती. चाल परदेशी, वृत्त ओढाताणीचे, ऋतू तिकडचे. खरे तर मराठीत ख्रिस्ती काव्याला जुनी आणि वेगळी वाट होती. गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापले, आणि मराठीची थोरवी सांगताना त्याने उपमा घेतल्या त्या मोगऱ्याच्या, कस्तुरीच्या, मोराच्या. पण पोर्तुगीज राजवटीत कोंडलेली ती वाट देशावरच्या प्रॉटेस्टंटांपर्यंत पोहोचलीच नाही. अहमदनगरला कृष्णरत्न सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. टिळकांनी त्यावर घर बांधले.

टिळकांची ओळख फुलांमुलांचे कवी अशी आहे. या बिरुदाने त्यांचे थोडे नुकसानच केले. फूल म्हटले की गोड, निरुपद्रवी कविता डोळ्यांपुढे येते. टिळकांच्या रानफुलात मात्र एक प्रश्न असतो : ज्याला पाहायला कोणी नाही ते फूल कोणासाठी फुलले? ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत हाच विचार घोळतो. फुलणे हीच त्या फुलाची सेवा आहे, आणि पाहणाऱ्याने तेथे येऊन त्या सेवेत सामील व्हायचे आहे. सृष्टीकडे देवाने दिलेल्या वस्तूंची यादी म्हणून पाहणे वेगळे, आणि सृष्टीला उपासनेतील सोबतीण मानणे वेगळे. परदेशी गीतांत बहुधा पहिली दृष्टी असे. टिळकांनी दुसरी आणली, आणि ती त्यांना तुकोबांकडून मिळाली होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

दुसरी गोष्ट अभंगाची. ‘अभंगांजली’तील रचना मंडळीला टाळांच्या साथीने गाता येतात, त्यांत देव ‘माउली’ आहे, आणि उपकार मानणारा लेकराच्या हट्टाने बोलतो. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात टिळकांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे. आभार मानण्यासाठी मराठी ख्रिस्ती माणसाला प्रथमच परक्या हवामानातून जावे लागले नाही. १९१२ पासून मृत्यूपर्यंत टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक होते, १८४२ पासून चालत आलेल्या त्या पत्रामुळे ही भाषा गावोगावच्या मंडळ्यांत रुळली.

टिळकांच्या या दृष्टीचा खानदेशाशी एक जिवंत धागा आहे. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. धरणगावचा सतरा वर्षांचा मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, तेथे कविता म्हणायला उभा राहिला आणि ‘बालकवी’ ही पदवी घेऊन खाली बसला. पदवी देणारे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथाच्या दोन कर्त्यांपैकी एक. निसर्गकवीला नाव वनस्पतिशास्त्रज्ञाने द्यावे, हा योग इतिहासाने फार नेमका जुळवला.

टिळकांनी बालकवींना अहमदनगरला आपल्या घरी नेले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोराप्रमाणे वागवले. बालकवी हिंदूच राहिले. श्रावणावरच्या त्यांच्या कवितेत देव नाव घेऊन येत नाही, तरी ऊन-पावसाच्या त्या खेळात जो हर्ष आहे तो टिळकांच्या घरात ओळखीचा होता. एका घरातील दोन कवी, एक देवाचे नाव घेऊन आणि एक न घेता, त्याच ऋतूंपुढे उभे होते. बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. टिळक त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी.

टिळकांच्या सृष्टीत एक उणीव मात्र आहे. तेथे फूल आहे, पाखरू आहे, मूल आहे. नांगर, घाम, सावकाराचे खाते आणि रिकामी कणगी क्वचित. नवापूरच्या मावची शेतकऱ्याला ऋतू दिसतो तो आधी पोटातून. म्हणून टिळकांची गीते ओठी आली तरी ग्रामीण मंडळ्यांची कृतज्ञता गाण्यावर थांबली नाही. ती वस्तूंत उतरली. हंगामाच्या उपकारस्तुतीला ग्रामीण मराठी मंडळ्यांत भात, मका, ज्वारीची कणसे, भोपळे, तुरीच्या शेंगा, कोंबडी, अंडी असे जे घरात असेल ते वेदीपुढे येते. पुढे त्याचा लिलाव होतो, आणि एखादा भोपळा त्याच्या बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो. मिशनऱ्यांच्या देशातही वेदी धान्याने सजते, पण येथे पहिल्या उपजाचा हक्क देवाचा ही जाणीव आधीपासूनच घरात होती. देव बदलला, पहिला घास आपला नाही, हे बदलले नाही.

मोहाची गोष्ट याहून अवघड. मोह हे भिल्लांचे दुष्काळातील अन्न : फुले भाजून, उकडून, भाकरीच्या पिठात मिसळून खातात, बियांचे तेल काढतात. त्याच फुलांची दारूही होते, आणि त्या दारूभोवती कलाल, सावकार आणि सरकारी अबकारी असा फास आवळलेला होता. मिशनने दारूबंदीवर जोर दिला, तेव्हा झाडच संशयित ठरण्याची भीती होती. दारू सोडण्याची हाक मात्र केवळ मिशनची नव्हती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदे तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज यांनी हजारो भिल्लांना आरती, स्नान आणि निर्व्यसनी जीवन यांकडे वळवले. ‘आप’ म्हणून एकमेकांना हाक घालणारी ती चळवळ १९३८ मध्ये त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराजांनी पुढे नेली. दोन्हीकडे दान नाकारले गेले नाही. दानाचा केलेला वापर नाकारला गेला. ख्रिस्ती घरांतही मोह वेचला जातोच.

उरतो छप्पन्याचा प्रश्न. पाऊस पडला नाही तर आभार कशाचे? बायबलात त्याचे एक उत्तर आहे, आणि ते सुगीच्या ओव्यांत शोभणारे नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अखेरीस अंजीर फुलला नाही, शेतांनी अन्न दिले नाही, गोठे रिकामे झाले, तरी देवाच्या ठायी हर्ष करीन, असा निर्धार आहे. हा उद्गार ऋतूंच्या सौंदर्यातून आलेला नाही. ते हरपल्यावर आलेला आहे. नंदुरबारसारख्या मुलखात हंगामाच्या सणाला वजन येते ते याच बाजूने, कारण तेथे वेदीपुढची टोपली एखाद्या वर्षी अर्धीच भरलेली असू शकते आणि तरीही ती आणायची असते.

आज जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत आणि महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात जातात. चर्चच्या पंचांगातील एक मोठा सण, नाताळ, अशा कुटुंबांना उसाच्या फडातील पालात गाठतो. गावाकडे परतण्याचा काळ होळीच्या आसपासचा, आणि मागोमाग ईस्टर. युरोपात तेव्हा बर्फ वितळते. येथे साग उघडा असतो, ओढे आटलेले असतात, आणि झाडाखाली पिवळसर पांढरा सडा पडतो. मोहाचे फूल रात्रीच्या अखेरच्या प्रहरी गळते, म्हणून ते वेचायला उजाडण्याआधीच निघावे लागते. पुनरुत्थानाच्या रविवारची उपासनाही त्याच वेळेची. ज्या घरी दोन्ही असतात, तेथे एकजण टोपली घेऊन झाडाखाली जातो आणि बाकीचे प्रार्थनेला.